बापाच्या रकान्यातली रेघ: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज खेड्यातला अनौरस पूर्वज कसा शोधावा

माझ्या नवऱ्याचं घराणं इंग्लंडमधल्या नॉरफोकचं. लग्नानंतर काही वर्षांनी सासूबाईंनी पत्र्याच्या डब्यातून त्यांच्या पणजोबांच्या लग्नाचा दाखला काढला आणि माझ्या हातात ठेवला. १८३७ नंतरच्या इंग्लिश लग्नाच्या दाखल्यात नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा लिहिण्यासाठी रकाने असतात. नवरीच्या ओळीत वडिलांच्या नावापुढे ‘शेतमजूर’ असं होतं. नवऱ्याच्या ओळीत दोन्ही रकान्यांत आडवी रेघ. ‘आमची वंशावळ इथे संपते,’ सासूबाई म्हणाल्या.

त्या रेघेच्या मागे जायला मला बरीच वर्षं लागली. त्यातली निम्मी तरी वाचली असती, कारण मी चुकीचा प्रश्न घेऊन निघाले होते. मी विचारत होते, बाप कोण? त्या काळच्या गावकारभाऱ्यांना मात्र पडलेला प्रश्न वेगळा होता: या मुलाला पोसायचं कोणी? लग्नाच्या जोडप्याला मूल झालं तर चर्चच्या वहीत एक ओळ पडायची आणि विषय मिटायचा. कुमारिकेला मूल झालं की खर्च गावावर येण्याची भीती उभी राहायची. मग जबानी, जामीन, कोर्टाचा हुकूम, हिशेब असे कागद तयार व्हायचे. गरीब शेतमजुराच्या अनौरस मुलामागे कधी कधी त्याच्या औरस भावंडांपेक्षा जास्त कागद सापडतात, ते यामुळे. तेव्हा सगळ्या शोधात एक प्रश्न हाताशी ठेवा: या बाळासाठी पैसे कोणी दिले, आणि कोणाच्या हुकमावरून?

शब्दांबद्दल आधीच सांगते. जुन्या कागदांत ‘बास्टर्ड’, ‘बेस बॉर्न’, ‘स्प्युरियस’ असे शब्द येतात. आज ते शिवीसारखे लागतात, पण त्या वह्यांत त्यांचा वापर कायद्याच्या भाषेत झालेला आहे. लॅटिनमध्ये ‘फिलियस नलियस’ म्हणजे ‘कोणाचाच मुलगा नाही’ असंही भेटतं. कायद्याच्या नजरेत अशा मुलाला वारसा नव्हता, आणि आईबापांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं तरी १९२६ चा लेजिटिमसी कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये ते औरस ठरत नव्हतं. हा अपवादात्मक प्रकार होता असंही समजू नका. शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या नोंदलेल्या जन्मांपैकी साधारण सहा-सात टक्के विवाहाबाहेरचे होते. नॉरफोक, कंबरलंड, श्रॉपशर अशा ग्रामीण कौंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, प्रमाण त्याहून जास्त होतं. एखाद्या इंग्रज शेतमजूर घराण्यात चार-पाच पिढ्या मागे गेलात तर असा एक तरी पूर्वज भेटणार, हे गृहीत धरूनच बसा.

आधी साल पक्कं करा

कोणता कागद कोणत्या कपाटात असेल हे बाळाच्या जन्मसालावर ठरतं. गरिबांच्या मदतीचा कायदा शतकाच्या मध्याआधीच दोनदा उलटापालटा झाला, आणि प्रत्येक वेळी कागदाचा मालक बदलला.

१८३४ पूर्वी सगळा भार पॅरिशवर होता. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा गावांचा पुंजका, पण तेच कारभाराचंही एकक. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब आपणच सांभाळायचे होते. जमीनधारकांकडून पट्टी गोळा करायची आणि गरिबांना वाटायची हे काम ओव्हरसियर नावाचे, दरवर्षी नेमले जाणारे गावकरी करत. अनौरस मूल झालं की ओव्हरसियर बापाला गाठून त्याच्याकडून पोटगी वसूल करायचा.

१८३४ च्या नव्या कायद्याने शेजारची अनेक पॅरिश एकत्र करून ‘युनियन’ बनवल्या, प्रत्येक युनियनच्या कारभारावर बोर्ड ऑफ गार्डियन्स बसवलं आणि मध्यभागी वर्कहाऊस, म्हणजे मदतीच्या बदल्यात गरिबांनी राहून काम करायचं घर, ठेवलं. अनौरस मुलाची जबाबदारी सोळा वर्षांपर्यंत एकट्या आईवर टाकली. आईला बापावर दावा लावता येईना. मूल पॅरिशच्या मदतीवर आलं तरच अधिकारी क्वार्टर सेशन्स या कौंटीच्या कोर्टात जाऊ शकत. तिथे आईच्या शब्दाला दुसरा पुरावा लागे, आणि वसुली फक्त मूल सात वर्षांचं होईपर्यंत चाले. बायका पुरुषांना फसवून पैसे काढतात, असा समज त्या कायद्यामागे होता. तो वाचताना मला अजून राग येतो. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ च्या रिबेका दंग्यांत लोकांनी जी गाऱ्हाणी मांडली त्यांत हे कलमही होतं.

१८४४ मध्ये कायदा पुन्हा फिरला. आता आई स्वतः स्थानिक मॅजिस्ट्रेटांच्या कोर्टात, म्हणजे पेटी सेशन्समध्ये, अर्ज करू शकत होती. कोर्ट पहिले सहा आठवडे पाच शिलिंगपर्यंत आणि पुढे मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत आठवड्याला अडीच शिलिंगपर्यंत पोटगी लावू शके. १८७२ मध्ये ही मर्यादा पाच शिलिंगवर गेली. दक्षिण इंग्लंडमधला शेतमजूर १८५० च्या सुमारास आठवड्याला आठ-नऊ शिलिंग मिळवत होता. त्याच्या कमाईतून अडीच शिलिंग जाणं म्हणजे काय, हे यावरून कळेल. बाप पळून का जात, हेही.

थोडक्यात, जन्म १८३४ च्या आधीचा असेल तर पॅरिशचं दप्तर उघडायचं. १८३४ ते १८४४ मधला असेल तर क्वार्टर सेशन्स (१८३९ पासून पेटी सेशन्स) आणि युनियन. १८४४ नंतरचा असेल तर पेटी सेशन्स, युनियन आणि वर्तमानपत्रं. मधल्या दहा वर्षांत जन्मलेल्या मुलाचा बाप सापडणं सगळ्यात अवघड. सासूबाईंचे पणजोबा नेमके त्याच दहा वर्षांतले.

जन्माचा दाखला

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या वेबसाइटवरची सूची मोफत पाहता येते, फक्त खातं उघडावं लागतं. या सूचीत आईचं माहेरचं आडनाव वेगळ्या रकान्यात दिलेलं आहे, तेही सुरुवातीपासून. तो रकाना मोकळा असेल किंवा त्यात नुसती रेघ असेल तर मूल बहुधा अनौरस, कारण आईचं आडनाव तेच मुलाचं. अनेक जण जुनी छापील सूची वापरतात. तिच्यात हे आडनाव १९११ च्या उत्तरार्धापासूनच येतं, म्हणून ही खूण त्यांच्या नजरेतून निसटते.

सूचीवर थांबू नका, दाखला मागवा. वडिलांचा रकाना रिकामा असला तरी बाकीचे रकाने बोलतात. जन्माची जागा वर्कहाऊस आहे का? खबर देणारी आई आहे की आजी, की वर्कहाऊसचा मास्टर? आई सही करते की फुली मारते? १८७५ पासून नियम पक्का झाला: लग्नाबाहेरच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव घालायचं तर त्याने आईबरोबर जाऊन सही करायची. तेव्हा १८७५ नंतरच्या दाखल्यावर नाव असेल तर त्या माणसाने स्वतः कबुली दिली आहे, आणि हा फार मोलाचा पुरावा. अशा मुलाची नोंद सूचीत दोन्ही आडनावांखाली येऊ शकते, म्हणून दोन्हीकडे बघा.

१८७५ च्या आधी खबर देण्याची सक्ती आईबापांवर नव्हती, त्यामुळे काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. दाखला मिळाला नाही म्हणून खचू नका, बाप्तिस्म्याकडे वळा.

बाप्तिस्म्याची वही

१८१३ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या बाप्तिस्म्याच्या वह्या छापील रकान्यांच्या झाल्या: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, धंदा, विधी करणारा पाद्री. अनौरस मुलाच्या ओळीत फक्त आईचं नाव येतं, आणि जिथे एरवी ‘शेतमजूर’ किंवा ‘सुतार’ असतं तिथे ‘सिंगल वुमन’ लिहिलेलं असतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर यातल्या बऱ्याच वह्या मोफत आहेत. फाइंडमायपास्ट आणि अँसेस्ट्रीला वर्गणी लागते, पण इंग्लंडमधल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत त्यातलं एक तरी फुकट वापरता येतं.

उतारा वाचून समाधान मानू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. उतारा करणारा समासातल्या टिपा सोडून देतो, आणि सगळी मौज समासातच असते. एखादा पाद्री ‘रेप्युटेड फादर’ असं लिहून गावात ज्याचं नाव घेतलं जात होतं ते टिपून ठेवतो. आपल्याकडे मोडी दप्तर वाचणाऱ्यांना हे सांगायला नको: एकाच हाताची पाच-दहा पानं आधी वाचावीत, मग हवी ती ओळ. त्या काळचं इंग्लिश अक्षर मोडीपेक्षा कितीतरी सोपं, पण नियम तोच.

मुलाच्या नावाकडे नीट बघा. समजा आईचं आडनाव कूपर आहे आणि बाळाचं नाव ठेवलंय जॉन बार्कर कूपर. मधलं ‘बार्कर’ हे बापाचं आडनाव असण्याची दाट शक्यता. गरीब घरांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मधलं नाव ठेवायची पद्धत फारशी नव्हती, त्यामुळे आडनावासारखं मधलं नाव उठून दिसतं. जे बाईला कोर्टात सांगता आलं नाही ते तिने चर्चच्या वहीत लिहवून घेतलं. मला हे त्या बायकांचं सगळ्यात धीट काम वाटतं. अर्थात ते नाव आजीच्या माहेरचंही असू शकतं, म्हणून आधी आजीचं लग्न तपासून घ्या.

जनगणना

१८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना नावानिशी मिळते. १८४१ च्या नोंदीत घरप्रमुखाशी नातं लिहिलेलं नाही आणि मोठ्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. नातं १८५१ पासून येतं. तिथेही एक चकवा आहे. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या बाईच्या घरात दोन वर्षांचा ‘मुलगा’ दिसला आणि त्याच घरात वीस वर्षांची अविवाहित मुलगी असली, तर तो बहुधा तिचा. आजीने नातू पोटचा म्हणून वाढवला. मुलगी दुसऱ्या गावी शेतकऱ्याच्या घरी कामाला गेली असेल, तर ती त्या घराच्या पानावर ‘सर्व्हंट’ म्हणून सापडेल. पुढच्या जनगणनेत तिचं लग्न झालेलं असतं आणि मूल सावत्र बापाच्या आडनावाने येतं. कायद्याने दत्तक घेणं १९२७ पर्यंत इंग्लंडमध्ये नव्हतंच, आणि आडनाव बदलायला कुठला कागद लागत नव्हता. म्हणून मूल ‘गायब’ झालं की त्याच्या आईचं लग्न शोधा.

पॅरिशची पेटी

आता खऱ्या खजिन्याकडे. पॅरिशचे कागद पूर्वी चर्चमध्ये कुलूपबंद लाकडी पेटीत ठेवत, म्हणून त्यांना आजही ‘पॅरिश चेस्ट’चे कागद म्हणतात. ते आता कौंटीच्या अभिलेखागारात असतात, नॉरफोकचे नॉरिचला. नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागाराच्या ‘डिस्कव्हरी’ या ऑनलाइन सूचीत पॅरिशचं नाव टाकलं की काय काय शिल्लक आहे याचा अंदाज येतो. सगळं शिल्लक नसतं. एका गावाचे दीडशे वर्षांचे हिशेब सलग मिळतात आणि शेजारच्या गावाची एक चिठ्ठीही उरत नाही.

या पेटीत काय शोधायचं? पहिली आईची जबानी. १७३३ च्या कायद्यानुसार गरोदर कुमारिकेने मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर बापाचं नाव सांगायचं होतं. जबानीत तिचं नाव, पॅरिश, मूल कधी झालं किंवा होणार, आणि बापाचं नाव, धंदा, गाव असतं. सांगायला नकार देणाऱ्या मुलीला बाळंतपणाच्या कळा चालू असताना सुईणीने विचारावं, अशीही प्रथा होती. त्या खोलीत हे नाव कसं काढून घेतलं असेल याचा विचार करा आणि मगच त्या नावावर किती विसंबायचं ते ठरवा. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण दोन पुरुषांपैकी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं नाव सांगण्याचा दबाव ओव्हरसियरकडूनही येऊ शकत होता.

दुसरा कागद म्हणजे बापाचा जामीन, ज्याला बास्टर्डी बाँड म्हणतात. मुलाचा खर्च पॅरिशवर पडू देणार नाही, नाहीतर अमुक पौंड भरेन, असं बाप लिहून देई. सोबत एक-दोन जामीनदार. हे जामीनदार नीट तपासा. बऱ्याचदा ते बापाचे वडील, भाऊ किंवा मालक असतात, आणि एका कागदावरून अख्खं घराणं हाती लागतं. बाळाचा बाप शेतकऱ्याचा मुलगा आणि आई त्याच शेतावरची नोकर, ही जोडी इतक्या वेळा दिसते की डोळ्यांना तिची सवय होते. होऊ नये, पण होते.

तिसरा कागद दोन मॅजिस्ट्रेटांचा हुकूम: अमुक इसम बाप ठरला आहे, त्याने बाळंतपणाचे इतके आणि दर आठवड्याला इतके द्यावेत.

हे तिन्ही नसले तरी ओव्हरसियरचे हिशेब असू शकतात, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. दर आठवड्याला कोणाला काय दिलं याच्या ओळीच ओळी: रोख शिलिंग, बुटांची जोडी, जळणाचं पीट, सुईणीची मजुरी, बाळाच्या कपड्यांचं कापड, शवपेटी. जमेच्या बाजूला एखाद्या पुरुषाच्या नावाने ठरावीक अंतराने तीच रक्कम येत असेल आणि खर्चाच्या बाजूला एखाद्या अविवाहित बाईला तेवढीच जात असेल, तर तुम्हाला बाप सापडला. कधी जमेची ओळ अचानक थांबते. तो मेला, पळाला, सैन्यात गेला, किंवा बाळ गेलं. दफनाची वही उघडून बघा.

वाचताना चलन लक्षात ठेवा: बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. पेन्ससाठी ‘डी’ हे अक्षर येतं. रुपये-आणे-पैच्या हिशेबासारखे तीन रकाने असतात, चार दिवसांत हात बसतो.

हिशेबात कधी लग्नाचा खर्चही दिसतो: परवाना, अंगठी, जेवण. हा गावाचा दिलदारपणा नव्हे. बाप दुसऱ्या पॅरिशचा असेल तर त्याला धरून आणून लग्न लावून दिलं की बायको आणि मूल दोघंही त्याच्या पॅरिशच्या गळ्यात पडत. नॉरफोकचे पाद्री जेम्स वुडफर्ड यांनी जानेवारी १७८७ मध्ये रिंगलंड गावी असं एक लग्न लावलं. नवरा अटकेत होता, आणि माणसाला कायद्याने लग्नाची सक्ती करणं क्रूर आहे असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. तुमच्या पूर्वजांचं लग्न परवाना काढून झालेलं असेल, दोघं अगदी गरीब असतील आणि पहिलं मूल महिनाभरात जन्मलेलं असेल, तर खर्चाची वही जरूर पाहा.

‘सेटलमेंट’ समजून घ्या

हा भाग किचकट आहे, पण तो कळल्याशिवाय बाकीचे कागद मुके राहतात. प्रत्येक माणसाचं कायद्याने एक ‘आपलं’ पॅरिश होतं आणि मदत तिथूनच मिळायची. १६६२ पासूनच्या कायद्यांनी ते ठरायचं: औरस मुलाला बापाचं पॅरिश, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं, शिवाय अविवाहित माणसाने एक वर्षभर सलग चाकरी केली, कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली तर त्या जागेचं. अनौरस मुलाला मात्र १८३४ पर्यंत ते ज्या पॅरिशमध्ये जन्मलं तेच मिळायचं.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. परगावची गरोदर मुलगी आपल्या हद्दीत बाळंत झाली तर ते मूल आयुष्यभर आपलं. म्हणून तिला बाळंतपणाआधी हद्दीबाहेर काढायची घाई. १७९५ मध्ये नियम झाला की प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणाला हुसकावता येणार नाही, पण त्यातही गरोदर कुमारिकेला मदत मागितल्यासारखंच धरलं जाई. तुमच्या पूर्वजाचा जन्म घराण्याच्या गावापासून वीस मैलांवर झालेला दिसला तर त्यामागे असा हद्दपारीचा हुकूम असू शकतो. तो दोन प्रतींत निघे: एक पाठवणाऱ्या पॅरिशकडे, एक घेणाऱ्याकडे. एकीकडची हरवली असेल तर दुसरीकडे शोधा. घेणाऱ्या पॅरिशने भांडण काढलं तर प्रकरण क्वार्टर सेशन्समध्ये जाई आणि तिथेही कागद राहिले आहेत.

हद्दपारीआधी ‘सेटलमेंट’ची जबानी होई. गरीब माणसाचं आत्मचरित्र म्हणावं असा हा एकच कागद. कुठे जन्मलो, कोणाकडे किती वर्षं चाकरी केली, किती मजुरी मिळाली, लग्न कुठे झालं, मुलांची नावं आणि वयं. ‘मी अमुक पॅरिशमध्ये अनौरस जन्मलो असं आईकडून ऐकलं आहे’ अशा अर्थाची वाक्यं चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांच्या जबानीतही येतात. म्हणून पूर्वजाच्या लहानपणाचेच कागद बघून थांबू नका. तो म्हातारा, आजारी होऊन मदत मागायला गेला तेव्हाचेही बघा.

१८३४ नंतर अनौरस मूल सोळाव्या वर्षापर्यंत आईच्या पॅरिशचं ठरू लागलं. १८४६ पासून एका ठिकाणी पाच वर्षं सलग राहिलेल्या माणसाला हुसकावता येईना. पुढे ही मुदत तीन आणि १८६५ मध्ये एका वर्षावर आली. त्यानंतर हद्दपारीचे कागद विरळ होतात.

वर्कहाऊस

१८३४ नंतर कुमारी मातेला घरबसल्या मदत देण्याबाबत बोर्डं फार ताठर होती. विधवेला मुलांसाठी घरी मदत मिळण्याची सवलत १८४४ च्या हुकमात होती, पण वैधव्यानंतर अनौरस मूल झालं असेल तर नाही. म्हणून अनेक मुली बाळंतपणापुरत्या वर्कहाऊसमध्ये जात आणि काही आठवड्यांनी बाळाला घेऊन बाहेर पडत. आई बाहेर पडली की बाळालाही न्यावं लागे. प्रवेश-निर्गमनाच्या वहीत त्यामुळे एकच नाव वर्षातून तीनदाही दिसू शकतं.

नॉरफोकमधल्या ग्रेसनहॉलचं वर्कहाऊस आज संग्रहालय आहे. १७७७ ची विटांची ती इमारत नवीन कायद्यानंतर मिटफर्ड अँड लॉन्डिच युनियनकडे आली. तिथे कुमारी मातांना वेगळं जाकीट घालावं लागे, आणि लोक त्यांना ‘जॅकेट वुमेन’ म्हणत. मध्यवर्ती पुअर लॉ कमिशनने असे लाजिरवाणे कपडे देऊ नयेत असं १८३९ मध्येच सांगितलं होतं. ग्रेसनहॉलची ही पद्धत १८६६ पर्यंत चालली. त्या अंगणात उभी राहिले तेव्हा मला पणजोबांपेक्षा त्यांच्या आईचीच आठवण जास्त आली.

वर्कहाऊसच्या कागदांत प्रवेश-निर्गमनाच्या वह्या, तिथल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शिक्षेची वही, १८६९ पासूनच्या धर्मनोंदीच्या वह्या आणि बोर्डाची इतिवृत्तं मागवा. इतिवृत्तं कंटाळवाणी असतात, पण बापाकडून वसुलीचे ठराव त्यांतच असतात. युनियन आणि लंडनमधल्या मुख्य कार्यालयाचा पत्रव्यवहार लंडनच्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एमएच १२’ या क्रमांकाखाली आहे. साउथवेल, ब्लाइदिंग, मिटफर्ड अँड लॉन्डिच अशा काही युनियनांची पत्रं तपशीलवार सूचीबद्ध झाली आहेत, त्यामुळे त्यांतली माणसांची नावं थेट शोधता येतात. १९०४ नंतरच्या जन्माच्या दाखल्यावर वर्कहाऊस हा शब्द टाळून नुसता रस्ता आणि घरक्रमांक लिहायची पद्धत पडली, म्हणून साधा दिसणारा पत्ताही नकाशावर पडताळा.

कोर्ट आणि वर्तमानपत्र

१८४४ नंतरच्या मुलांसाठी पेटी सेशन्सच्या वह्या कौंटी अभिलेखागारात बघा. त्या टिकल्या नसतील तर ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह हा जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह. त्या काळचं कौंटीचं साप्ताहिक पोटगीची प्रकरणं चवीने छापत असे: दोघांची नावं, गावं, ठरलेली रक्कम, कधी साक्षीही. बापाच्या नावाने शोधता येत नाही, कारण तेच तर हवंय. आईचं आडनाव, पॅरिशचं नाव आणि जन्मानंतरची पंधरा महिन्यांची मुदत घालून शोधा. अर्ज सहसा बाळंतपणाआधी किंवा जन्मापासून वर्षभरात करावा लागे. अर्ज फेटाळला गेला तर तो माणूस बाप नव्हता असं समजू नका. दुसरा पुरावा नव्हता एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

लग्नाचा दाखला पुन्हा वाचा

मूल मोठं होऊन लग्नाला उभं राहिलं की पाद्री विचारणार, वडिलांचं नाव? काही जण रेघ मारू देत. काही जण आजोबांचं नाव सांगत, काही सावत्र बापाचं, आणि काही जण लाजेखातर आपल्याच आडनावाचा बाप रचून सांगत. म्हणून तिथलं नाव एकट्याने कधी पुरावा मानू नका. दुसरं लग्न झालं असेल तर तोही दाखला घ्या, कारण दोन दाखल्यांवर दोन वेगळे बाप सापडणं नवलाचं नाही. मृत्युपत्रांतही बघा. अनौरस मुलाला काही द्यायचं तर ते नाव घेऊनच लिहावं लागे, आणि ‘अमुक बाईचा मुलगा’ अशा वर्णनामागे बऱ्याचदा बाप लपलेला असतो.

डीएनए चाचणीबद्दल दोनच गोष्टी. खापरपणजोबांकडून आपल्याकडे सरासरी सहा टक्के अंश येतो, म्हणून घरातल्या सगळ्यात वडील माणसाची चाचणी आधी करा. आणि जुळणाऱ्यांच्या यादीत जी मंडळी आईच्या बाजूने बसत नाहीत, त्यांची झाडं एकमेकांना कुठे मिळतात ते पाहा. कागदावरचं नाव आणि ही गाठ एकाच गावात पडली तर पुरावा भक्कम.

पुणे, खडकी, देवळालीहून निघालेल्यांसाठी

महाराष्ट्रातल्या काही अँग्लो-इंडियन घराण्यांचा मूळ पुरुष असाच इंग्लिश खेड्यातला गरीब पोरगा असतो. सैन्यात भरती होताना त्याने जन्माचं पॅरिश सांगितलेलं असतं. इथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुंबई इलाख्याच्या ‘एन ३’ या क्रमांकाखाली. सैनिकाच्या सेवामुक्तीचे कागद क्यूला ‘डब्ल्यूओ ९७’ मध्ये मिळू शकतात. पॅरिश हाती आलं की वरच्या पायऱ्या तशाच चढायच्या. पोटगीचा हुकूम आणि भरतीची तारीख जवळजवळ आल्या तर त्यांचा संबंध तपासून पाहा. मूल सोडून निघालेले काही बापही याच वाटेने हिंदुस्थानात आले.

शेवटी वंशावळीत काय लिहायचं? बापाच्या जागी नाव घालण्याआधी त्याच्यापुढे पुरावा लिहा: जबानी, जामीन, हुकूम, दोघांची सही असलेला दाखला, की नुसतं मधलं नाव. पुरावा एकच आणि कच्चा असेल तर नाव पेन्सिलीने लिहा. मी अभिलेखागाराला पहिली मेल लिहिली तेव्हा ‘माझ्या नवऱ्याच्या पूर्वजाबद्दल काही आहे का’ असं विचारलं होतं आणि नम्र नकार आला होता. पॅरिशचं नाव, पाच वर्षांचा पट्टा आणि वहीचा प्रकार एवढं नेमकं लिहून पुन्हा विचारलं तेव्हा तीन वह्यांचे क्रमांक आले.

सासूबाईंच्या पणजोबांच्या जागी आता दोन नावं आहेत, दोन्ही पेन्सिलीने. त्यांच्या आईच्या जागी मात्र शाईने लिहिलं आहे: तिचं नाव, तिचं पॅरिश, वर्कहाऊसमध्ये गेल्याची तारीख आणि चाळीस दिवसांनी बाळाला घेऊन बाहेर पडल्याची तारीख.